तालीम आणि रचना : भिलई येथील ‘चोर चोर’

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात ‘तालीम’ हा शब्द केवळ पाठांतराचा वाचक नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हापासून नाटकमंडळ्यांत एक शिस्त रुजली. पदे आधी रचावयाची, चाली आधी ठरवावयाच्या आणि मग तालीममास्तरांनी त्या नटांच्या गळी उतरवावयाच्या. गोविंद बल्लाळ देवलांचे थोरपण जितके ‘शारदे’त आहे, तितकेच ते ह्या शिकवणीतही आहे. मात्र ह्या पद्धतीत एक गृहीत दडलेले होते. रचना पूर्ण झाल्यावर तालीम सुरू होते, आणि शिकविणारा जाणतो ते शिकणारा जाणत नाही, हे ते गृहीत होय. संगीत नाटकाला हा क्रम अपरिहार्य आहे काय, ह्या प्रश्नाचे एक उत्तर १९७४ साली भिलईत मिळाले.

भिलई हे नाव त्या काळी पोलादाशी जोडलेले होते. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. सभोवारचा दुर्ग जिल्हा मात्र भातशेतीचा, आणि रात्र रात्र चालणाऱ्या ‘नाचा’चा. हा प्रदेश मराठी वाचकाला सर्वस्वी परका नव्हे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल तेथवर होता, आणि ज्यांच्या शिबिरातून येथे नाटक घडले ते हबीब तनवीर रायपूरचे असले, तरी त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले होते.

तनवीरांना नवशिक्यांकडून गाते नाटक बसविण्याचा अनुभव जुना होता. १९५४ मधील ‘आग्रा बाजार’ त्यांनी दिल्लीच्या जामिया मिलियातील विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावचे रहिवासी ह्यांना घेऊन उभे केले. पुढे इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन ते परतले, आणि १९५८ च्या ‘मिट्टी की गाडी’त त्यांनी छत्तीसगडी नटांना आणले. तथापि नंतरची कित्येक वर्षे हे नट दिल्लीच्या तालमीत अवघडलेलेच राहिले. त्याची कारणे तनवीरांनी स्वतःच पुढे सांगितली. रंगमंचावर कोठून कोठे जावयाचे ह्याच्या आखलेल्या रेषा त्या नटांच्या अंगवळणी पडत नव्हत्या. मातृभाषा सोडून हिंदीत बोलावे लागत असल्याने त्यांची वाणीही बांधली गेली होती. गावच्या मंचावर सहस्रावधींना खिळवून ठेवणारा नट येथे अकुशल ठरत होता, तो तालमीच्या रीतीमुळे. दोष नटाचा नव्हता.

१९७३ च्या रायपूर येथील शिबिरात हा क्रम उलटला. नाचातील जुनी प्रहसने नटांनी आपल्या बोलीत, आपल्या चालीने रंगवावी आणि दिग्दर्शकाने त्यांतून निवडावे, जोडावे, छाटावे, अशी रीत पडली. भिलईचे शिबिर ही तिची पुढची पायरी होती. विजयदान देथा ह्यांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा तनवीरांच्या मनात होती. गुरूपुढे सत्य बोलण्याचे व्रत घेणारा आणि ते पाळता पाळता प्राणास मुकणारा चोर हा तिचा नायक. भिलईत ती सतनामी प्रेक्षकांसमोर उघड्या मैदानावर ‘चोर चोर’ ह्या लहानशा रूपात सादर झाली. सत्य हाच ईश्वर, ही गुरू घासीदासांची शिकवण मानणाऱ्या समाजापुढे ही कथा जाताच तिचा अर्थ पालटला. राजस्थानी कथेतील चातुर्य मागे पडले आणि व्रत पुढे आले. मांदर आणि झांजेच्या ठेक्यावर द्रुत होत जाणारे सतनाम्यांचे पंथी नृत्य आणि सत्यनामाचे गान नाटकात शिरले, ते शोभेसाठी नव्हे. नाटकाचा गाभाच त्यांनी उच्चारला. स्वर्णकुमार साहू आदी छत्तीसगडी कवींची पदे, फिदाबाई, लालूराम, मदनलाल अशा नटांचे उत्स्फूर्त संवाद आणि दिग्दर्शकाची निवड ह्यांतून ‘चरणदास चोर’ सिद्ध झाले. त्याला १९८२ मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार लाभला.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न उभा राहतो. ग्रंथावर एक नाव असते, पण जी रचना तालमीतच जन्मली तिचा कर्ता कोण? सारे श्रेय समूहाला देणे हा भाबडेपणा होईल. नाचात अशा नायकाच्या मृत्यूपाशी थांबणारे नाटक आपोआप घडले नसते. ती दृष्टी तनवीरांचीच. परंतु नटांना केवळ साधन मानणे हा अन्याय होय. तनवीरांनी त्यांना आपले ज्ञान दिले, त्याहून अधिक त्यांच्यापासून घेतले, आणि घेतलेले ओळखण्याची बुद्धी ठेवली.

जून २००९ मध्ये तनवीर निवर्तले. त्याच वर्षी सतनामी समाजाच्या भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून छत्तीसगड शासनाने नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. ज्यांच्या मैदानावर आणि ज्यांच्या गाण्यातून नाटक उभे राहिले, त्यांच्याच नावाने ते नाकारले जावे, हा योगायोग बोचणारा आहे. मुद्रित संहितेत चोर आणि सतनाम शेजारी शेजारी दिसतात. त्या दोहोंमधले जे अंतर नट, गायक आणि प्रेक्षक ह्यांनी मिळून ओलांडले, ते कागदावर उतरत नाही. तालमीत घडलेल्या नाटकाचा न्याय केवळ संहितेवरून करू पाहणाऱ्या शासनाला आणि समीक्षेलाही हा धडा सारखाच लागू आहे.