शंभरी आणि पांढऱ्या पेशींवरील खुणा

वडीलधाऱ्यांच्या पाया पडले की ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद मिळतो. ही शंभरी माणसाच्या रक्तातच लिहिलेली असते काय? या प्रश्नाच्या शोधाचा एक धागा दीर्घायुष्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका निरीक्षणापासून निघतो. आजचा थ्रेड त्याविषयी.

साल १९५८. पॅरिसमधील रक्तशास्त्रज्ञ जाँ दोसे यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागले होते, त्यांच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होत. मात्र सर्वांच्याच नव्हे. याचा अर्थ, पांढऱ्या पेशींवरही व्यक्तिपरत्वे निरनिराळ्या खुणा असल्या पाहिजेत. पहिल्या खुणेला दोसे यांनी ‘मॅक’ हे नाव दिले. तीन स्वयंसेवकांच्या नावांची ती आद्याक्षरे! या खुणांच्या कुळाला पुढे ‘एचएलए’ म्हणू लागले. १९८० च्या नोबेल पुरस्काराचे दोसे हे एक मानकरी होते.

या खुणा करतात काय? पेशीतील प्रथिनांचे तुकडे त्या पृष्ठभागावर आणून मांडतात आणि टी-पेशी ते तपासून आपले कोण व परके कोण हे ठरवतात. वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखेच हे काम. पहारा ढिला असेल तर रोग आत शिरतो. अति कडक असेल तर घरच्याच माणसावर तलवार चालते.

अवयव-प्रत्यारोपणासाठी अभ्यासली जाणारी ही जनुके वार्धक्याच्या चर्चेत आणली ती प्रामुख्याने रॉय वॉलफर्ड या अमेरिकी संशोधकाने. जनुकांचा केवळ हाच भाग वेगळा आणि बाकी सर्व सारखे, असे उंदरांचे वाण घेतले तरी त्यांचे आयुर्मान भिन्न भरते, हे त्यांनी व स्मिथ यांनी १९७७ मध्ये दाखवले. उंदरांचे ठीक, माणसांचे काय?

त्यासाठी ओकिनावाला जावे लागते. जपानच्या दक्षिणेकडील या बेटांवरील शतायुषींचा अभ्यास १९७५ पासून सुरू होता. ताकाता, सुझुकी व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले की, तेथील शंभरी-नव्वदी गाठलेल्यांत एचएलएचा ‘डीआरडब्ल्यू ९’ हा प्रकार फारच कमी आढळतो आणि ‘डीआर १’ अधिक. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या विकारांपासून मिळालेले संरक्षण हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा तर्क होता.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. हे वृद्ध जन्मले तो काळ र्‍युक्यू राज्य खालसा होऊन जपानचा प्रांत बनल्याचा, म्हणजे १८७९ च्या आसपासचा. त्यांच्या वयाचा पुरावा ‘कोसेकी’ या कुटुंबनोंदवह्यांचा. १९४५ च्या लढाईत त्यांपैकी अनेक नष्ट झाल्या आणि युद्धानंतर नव्याने तयार कराव्या लागल्या. त्याच लढाईत तेथील सुमारे एक चतुर्थांश नागरिक मारले गेल्याचा अंदाज आहे. बॉम्ब जनुके पाहून पडत नाहीत. जनुकाची खूण कितीही अचूक वाचली, तरी शेजारी लिहिलेला वयाचा आकडा कागदाइतकाच विश्वसनीय असतो. अन्य देशांतील शतायुषींत हेच प्रकार सातत्याने आढळले नाहीत. तेव्हा ओकिनावाचे उत्तर सर्व मानवजातीचे उत्तर ठरले नाही.

तरीही प्रश्न मावळला नाही. एडिंबरा विद्यापीठाच्या पीटर जोशी यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये निराळी युक्ती योजली. शतायुषी शोधण्याऐवजी त्यांनी हयात लोकांची जनुके आणि त्यांच्या आईवडिलांचे आयुर्मान यांची सांगड घातली. सहा लाखांहून अधिक मातापित्यांच्या या माहितीत ठळकपणे उठून दिसलेल्या जनुकीय स्थानांपैकी एक होते एचएलएच्याच मुलखातले. आणि त्याचे मोल? सरासरी सुमारे सहा महिन्यांचे आयुष्य. त्याच अभ्यासानुसार, जन्मभर रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याची सुमारे सात वर्षे कमी होतात.