नाव ठेवणारे राजाजी

मराठीत नाव ठेवणे हा एक संस्कार आहे आणि नावे ठेवणे हा एक धंदा आहे. पहिल्यास आत्याबाई लागते, पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात. दुसऱ्यास काहीच लागत नाही. नुसत्या एकवचनाचे अनेकवचन झाल्याने अर्थाचा एवढा विपर्यास झालेला आमच्या भाषेत दुसरीकडे क्वचितच आढळेल. सार्वजनिक जीवनात ही दोन कामे सामान्यतः निरनिराळी माणसे करतात. गावांना, रस्त्यांना व पुलांना नाव ठेवतात ते सत्ताधारी. आणि त्या सत्ताधाऱ्यांस नावे ठेवतात ते आमच्यासारखे निरुद्योगी लोक. ही दोन्ही कामे सारख्याच हौसेने व सारख्याच अधिकाराने करणारा एक पुरुष गेल्या शतकात होऊन गेला. त्याने ज्या गावाचे बारसे केले त्या गावाच्या पाचव्या कॅम्पात आम्ही बरीच वर्षे राहत आहो. म्हणून त्याचे थोडे पुराण वाचकांस सांगावे असे मनात आले.

कॅम्प म्हटले की पुणेकरांस बेकरी व बिस्किटे आठवतात. आमचा कॅम्प तसला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या शेजारी लष्कराने शिपायांच्या मुक्कामासाठी बरॅकींची एक वसाहत उठविली. तिला कल्याण कॅम्प म्हणत. युद्ध संपले, शिपाई गेले, बरॅकी ओस पडल्या. पुढे १९४७ साली फाळणी झाली. पंजाब कापला गेला, बंगाल कापला गेला, पण सिंध कापला गेला नाही. तो सगळाच पलीकडे गेला. पंजाबी निर्वासितास निदान पंजाबात जाऊन उतरता आले. सिंध्यास 'आपला' म्हणावा असा एक तालुकाही उरला नाही. कराची बंदरातून बोटीत बसून जे मुंबईस उतरले त्यांपैकी लाखाच्या घरात लोक या बरॅकींत आणून टाकण्यात आले. एका लांबलचक बरॅकीत अनेक कुटुंबे, आणि कुटुंबाकुटुंबांत गोणपाटाचा पडदा. अशा ठिकाणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी, हिंदुस्थानचे पहिले व शेवटचे भारतीय गव्हर्नर-जनरल, आले, त्यांनी नव्या गावाची कोनशिला बसविली आणि गावाचे नाव उल्हासनगर असे ठेवले. जवळून उल्हास नदी वाहते म्हणून हे नाव शोभले. परंतु गोणपाटामागे बसलेल्या माणसांस 'उल्हास' हा शब्द त्या दिवशी कसा वाटला असेल याचा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. त्यांनी त्यावर एक साधा उपाय केला: नाव पाकिटावर लिहिण्यास ठेवले व तोंडी आकडा वापरला. आजही रिक्षावाल्यास 'पाच नंबर' म्हटले की पुरते.

परवा आमच्या नेहमीच्या पापडवाल्या दुकानदारास आम्ही सहज विचारले, की तुमच्या गावाचे नाव राजाजींनी ठेवले हे तुम्हांस ठाऊक आहे काय? गृहस्थ पन्नाशीचा, बोलका. तो म्हणाला, "राजाजी? तो तर गोविंदाचा पिक्चर हाय ना, सर!" ही माहिती चुकीची नव्हती; १९९९ साली त्या नावाचा चित्रपट खरोखरच निघाला होता. आम्ही निरुत्तर झालो.

राजाजींविषयी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की ज्या फाळणीने हे गाव वसविले तिच्याशी त्यांचा संबंध फार पूर्वीचा होता. लीगची मागणी तत्त्वतः मान्य करून तडजोड करावी, असे त्यांनी १९४२ सालीच उघड सांगितले आणि त्यापायी काँग्रेस सोडली. १९४४ सालच्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईस जिनांच्या बंगल्यावर वाटाघाटीस जात असत, ते राजाजींचाच मसुदा हाती घेऊन. त्या काळी त्यांस राष्ट्रद्रोही म्हणणारे पुष्कळ होते. तीनच वर्षांत राष्ट्रद्रोही न म्हणवून घेणाऱ्यांनी त्याहून वाईट सौदा स्वीकारला. तेव्हा राजाजी कॅम्पात आले ते केवळ फीत कापणारे पाहुणे म्हणून नव्हे. लोकांस न रुचणारे आधी बोलणारा मनुष्य त्या बोलण्याचे फळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यास आला होता, असे आम्हांस वाटते.

ज्यास इंग्रजीत कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात त्यास मराठीत चांगला शब्द नाही. सनातनी, पुराणमतवादी, प्रतिगामी हे सारे शब्द विरोधकांनी बहाल केलेले आहेत. राजाजींस यांपैकी कोणता लावावा? त्यांच्या ब्राह्मण कन्येचा विवाह गांधीजींच्या वैश्य पुत्राशी झाला, तो १९३३ साली आमच्या पुण्यासच. मद्रासचे पंतप्रधान असताना १९३९ साली त्यांनी मंदिरप्रवेशाचा कायदा केला. सनातन्यांनी त्यांस शिव्या दिल्या, पुढे समाजवाद्यांनी दिल्या. त्यांचा जपणुकीचा पक्ष निराळाच होता. घर, शेत, दुकान, देवावरील श्रद्धा आणि जपून केलेला खर्च, एवढ्या गोष्टींस सरकारने हात लावू नये. आणि हात लावणारा सरकारी अंमलदार कितीही सज्जन असला तरी त्याची थट्टा करण्यास हरकत नाही.

ही थट्टा त्यांनी केली ती निवृत्त होण्याच्या वयात. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेसने सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला, आणि त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याने स्वतंत्र पक्ष काढला. बरोबर रंगा होते, मुनशी होते, मुंबईचे मिनू मसानी होते. पक्षापेक्षा राजाजींची लेखणी अधिक तिखट होती. मद्रासहून खासा सुब्बा राव यांनी १९५६ साली सुरू केलेल्या 'स्वराज्य' साप्ताहिकात ते सातत्याने लिहीत. 'लायसन्स-परमिट राज' हा शब्दप्रयोग त्यांनी रूढ केला. आज तो वापरणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांस तो कोणाचा हे ठाऊक नसते. त्यांच्या लेखनात आरडाओरड नाही. वकिली कापणी आहे, आणि रामायण-महाभारत सांगणाऱ्या कीर्तनकाराचा मिस्किलपणा आहे. तमिळ रामायणासाठी त्यांस १९५८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले होते. ज्या नेहरूंवर ते कोरडे ओढीत ते त्यांचे जन्माचे मित्र होते. मित्रास नावे ठेवावयाची तर शिवी देऊन भागत नाही, भाषा येणे अवश्य असते.

लोकसभेत या पक्षास १९६२ साली १८ जागा मिळाल्या, १९६७ साली ४४. ओरिसात तर त्याच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळही आले. महाराष्ट्रात मात्र त्याची डाळ शिजली नाही. कारण उघड आहे. आमच्या बागाईतदारास सरकारची भीती वाटेनाशी झाली होती, कारण १९५० पासून प्रवरेच्या काठी सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांच्या परंपरेने तो स्वतःच हळूहळू सरकार होऊ लागला होता. ज्याच्या हाती परवान्याचा शिक्का येतो तो परवान्याविरुद्ध मत कशास देईल? आणि पांढरपेशा वर्ग म्हणाल तर तो शिक्का मारणाऱ्या कारकुनांचाच होता.

महाराष्ट्रात राजाजींचे खरे अनुयायी होते ते, त्यांचे नावही न ऐकलेले, या कॅम्पात. जमीनदारांच्या व मास्तरांच्या मुलांनी लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकली. बायकांनी बरॅकीच्या ओट्यावर पापड लाटले. मग शिलाई आली, फर्निचर आले, शेवटी जीन्स आली. मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप मारीत व त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगत, ही गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की ती खरी की खोटी हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तथापि स्वतंत्र पक्षाच्या स्मृतीस फूल वाहताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: बरॅकी सरकारी होत्या, शिधा सरकारी होता, आणि नुकसानभरपाईचा १९५४ चा कायदाही सरकारीच होता. सरकारने पाटी कोरी करून दिली. अक्षरे यांनी गिरविली.

आणि याच लोकांनी राजाजींचाही एक पराभव केला, तो त्यांस कळला नसेल. मद्रासचे मुख्यमंत्री असता त्यांनी धान्याची नियंत्रणे उठविली, ती १९५२ साली, व ते उत्तम झाले. परंतु १९५३ साली त्यांनी अशी शिक्षणयोजना काढली, की खेड्यातील मुलाने अर्धा दिवस शाळेत बसावे व उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. जात मागील दाराने आत येते म्हणून लोक खवळले आणि १९५४ साली राजाजींस पद सोडावे लागले. आम्ही परंपरेच्या बाजूचे. तरी येथे आमचे मत लोकांच्याच बाजूस पडते. ज्या जमीनदाराची जमीन सिंधमध्ये राहिली त्याच्या मुलाने बापाचा कोणता धंदा शिकावयाचा होता? आमचे अर्धे गाव बापाच्या धंद्यात नसलेल्या माणसांनी उभे केले आहे.

सिनेमा राजाजींस मुळीच आवडत नसे. समाजाची अभिरुची बिघडविणाऱ्या गोष्टींत ते त्याची गणना करीत. परंतु दैव मोठे नाटकी. काँग्रेसला पाडण्यासाठी १९६७ साली त्यांनी ज्या द्रविड मुन्नेत्र कळघमशी हात मिळविला, त्याचे पुढारी अण्णादुराई व करुणानिधी हे दोघेही चित्रपटांच्या कथा-संवाद लिहून लोकप्रिय झालेले. राजाजींनी काँग्रेस पाडली, आणि राज्य सिनेमाच्या हाती गेले. पुढे १९७२ च्या नाताळात ते वारले व दोनच वर्षांत त्यांच्या एका कथेवर 'दिक्कट्र पार्वती' हा चित्रपट निघाला. त्यास हरकत घेण्यास ते राहिले नव्हते.

मद्रासेत पन्नास वर्षांपूर्वी नट राज्यकर्ते झाले म्हणून आम्ही मराठी लोक हसत होतो. आता आमचे राज्यकर्तेच नट झाले आहेत. २०२२ साली आमदारांची एक तुकडी सुरतेहून गुवाहाटीस गेली, तेव्हा त्यांतील एकाने तेथील झाडी-डोंगरांचे फोनवर केलेले रसाळ वर्णन आठवड्याभरात गाणे होऊन वरातीत वाजू लागले. मंत्री गाडीतून उतरतो तो संथ गतीने, मागे ढोल वाजतो, आणि तीस सेकंदांची चित्रफीत दुपारी आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते. चौकाचौकांत 'भावी' शब्द लावलेली चित्रे आहेत. वर्तमान असे कोणी दिसत नाही. आणि नावे? ती तर भराभर ठेवली जात आहेत. शहरांस, जिल्ह्यांस नवी नावे, योजनांस नात्यांची नावे. २०२४ पासून सरकार बहिणीस दरमहा ओवाळणी घालू लागले, आणि ज्यांनी आधी तीस नावे ठेवली त्यांनीही निवडणुकीच्या जाहीरनाम्यात तिच्या दुप्पट ओवाळणी कबूल केली. भावाच्या खिशातून काढून बहिणीस देणारा मामा आमच्या लहानपणी गोष्टीतही नव्हता. हे सारे करणाऱ्यांत आपणांस परंपरेचे रक्षक म्हणविणारेही आहेत. राजाजींच्या काटकसरी परंपरेशी त्यांची ओळख दिसत नाही.

परंतु नावे ठेवावयाची तर आपल्याही आळीस ठेवावी. परवान्याची थट्टा करता करता आमच्या गावाने कायद्याचीही थट्टा केली. सुमारे १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे पाच लाखांवर माणसे. मजल्यावर मजला चढला तो कोणास न विचारता. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा हुकूम दिला, तेव्हा सरकारने २००६ साली केवळ उल्हासनगरासाठी कायदा केला, की दंड भरा व नियमित व्हा. २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. गांधीयुगात शिरण्यापूर्वी राजाजी १९१७ ते १९१९ सेलमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गटार कोठून न्यावे व भिंत किती जाड असावी याचे परवाने त्यांनी स्वतः सह्या करून दिले असतील. साखर विकण्यास परवाना लागू नये म्हणणारा मनुष्य खांबात किती सळ्या घालाव्या हे कंत्राटदाराच्या लहरीवर सोडा असे म्हणत नव्हता. हा भेद आमच्या गावाने केला नाही, आणि मते मागावयास येणाऱ्या कोणीही तो करावा असा आग्रह धरला नाही, कारण बेकायदा इमारतीतील मत कायदेशीर असते.

पाच नंबरापासून थोड्याच अंतरावर वालधुनीच्या काठी अंबरनाथाचे शिवालय आहे. शके ९८२ चा लेख त्यावर आहे. शिलाहार मुम्मुणीचे नाव त्यात आहे. साडेनऊशे वर्षांनंतरही ते उभे आहे. आमच्या इमारतीस तीस वर्षे होत आली, आणि गतवर्षी तिच्या पाहणीची नोटीस आली आहे. वरच्या मजल्यावरील शेजारी म्हणतात, "सर, काही होत नाही, निवडणूक जवळ आहे."

असो. त्या दिवशी आम्ही दुकानदारास राजाजींची सारी हकीकत सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली. त्याचे आजोबा लारकान्याहून आले होते, आणि कॅम्पात साखरेसाठी कार्ड घेऊन रांगेत उभे राहत असे त्याने सांगितले. "माणूस चांगला होता," एवढा अभिप्राय देऊन त्याने पापड बांधले आणि विचारले, "सर, बिल कच्चे देऊ का पक्के?" आम्ही क्षणभर थांबलो व पक्के मागितले. त्याने आमच्याकडे पाहिले, मुलास हाक मारून संगणक सुरू करावयास सांगितले, आणि आम्हांस बसण्यास स्टूल दिले.