गोधडी, खोली आणि मशीन

घरी गोधडी शिवण्यासाठी शिवणयंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु दादर-नायगावच्या गिरणीभागात तो विचारला, की उत्तरासाठी इतिहासाकडेच वळावे लागते, असे आम्हांस वाटते.

यंत्र मुळात गोधडीसाठी घडलेच नाही. 1851 मध्ये आयझॅक सिंगरने ज्याचे पेटंट घेतले ते यंत्र दोन धाग्यांचा टाका घालते: एक धागा सुईतून येतो, दुसरा खालून येऊन त्यात अडकतो. गोधडीचा टाका म्हणजे एका धाग्याचा साधा धावदोरा. याहून मोठा भेद हालचालीचा आहे. हाताच्या शिवणीत गोधडी जमिनीवर पसरलेली असते आणि शिवणारी बाई तिच्या कडेकडेने सरकते. यंत्रात सुई एकाच जागी असते आणि सरकावे लागते गोधडीला. हाताचा धावदोरा अनेक गोधड्यांत काठापासून चौकोनी फेऱ्या घेत आत येतो. यंत्रावर तसे केले तर थर सरकत जाऊन मधोमध फुगा येतो. म्हणून मध्यापासून काठाकडे शिवावे लागते. शिवणीची दिशाच उलटते!

मग हे यंत्र घरात आले कसे? गांधीजींनी 1924 मध्ये यंत्रविरोधाला जो अपवाद केला तो सिंगरच्या मशीनचा. पत्नीचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते निर्माण झाले, अशी त्यांची समजूत होती. (सिंगरचे खरे चरित्र या कथेस फारसे पोषक नाही.) नायगावपुरते आम्हांला दुसरे एक कारण अधिक पटते. 1920 च्या दशकात बांधलेल्या तिथल्या बी.डी.डी. चाळींतील खोली 160 चौरस फुटांची. सात फूट बाय पाच फुटांची गोधडी पसरली की 35 चौरस फूट गेले, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा. तोही चूल, ट्रंका आणि पाळीवरून येऊन झोपलेली माणसे यांच्यामधून काढायचा. गावाकडे यासाठी ओसरी होती. यंत्रावर गोधडी गुंडाळून शिवता येते. वेगापेक्षा जागेची ही बचत महत्त्वाची असावी.

निवडीचे निकषही यातूनच निघतात. हातमशीनमध्ये उजवा हात चाकात गुंततो आणि जाड थर सावरायला एकटा डावा उरतो. तेव्हा पायमशीन बरे. सुई आणि मशीनचा खांब यांमधील जागा जेमतेम वीतभर असते, अर्धी गोधडी तिथून जायची असते. म्हणून ती जितकी मोठी तितकी चांगली. सुई 16 किंवा 18 नंबरची, टाका लांब, दाब सैल. नक्षीदार टाक्यांना गोधडीत काम नाही. सरळ टाका घालणारे जुने काळे मशीन पुरते. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकमेकांना धरून राहत. सिंथेटिक साड्या आल्या आणि ते निसटू लागले. त्यांच्यासाठी वरचा थरही खालच्याबरोबर पुढे ओढणारा पाय लागतो.

मात्र ही निवड गोधडीच्या हिशेबाने क्वचितच झाली. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि ज्या घरात मशीन होते तिथे परकर, झबली, साडीचा फॉल यांवर चूल पेटू लागली. मशीन ठरले ते त्या कामासाठी. गोधडी रात्री, उरल्यासुरल्या चिंध्यांची. मराठी घरांत नुसते ‘मशीन’ म्हटले की शिवणाचेच समजत. कपडे धुण्याच्या यंत्राला मागाहून येऊन आपले पूर्ण नाव सांगावे लागले. दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक 3 ची जमीन 2005 मध्ये 421 कोटींना विकली गेली, तेव्हा यांपैकी कित्येक मशीन चालूच होती.

आता चाळींच्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरे ठरली आहेत. तिथे गोधडी पुन्हा जमिनीवर पसरता येईल. सुईदोरा घ्यायचा की मशीन, हे निदान खोलीच्या मापावर ठरणार नाही.