आर्पानेटचा स्तंभ : २७ ऑक्टोबर १९८०

दि. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे संगणकजाल कित्येक तास निकामी झाले. १९६९ मध्ये आरंभ झालेल्या या जालाच्या इतिहासात ही घटना विशेष अभ्यसनीय आहे. कारण यंत्रे चालू असूनही जाल चालत नव्हते, आणि एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा नित्याचा उपाय येथे निष्फळ ठरला.

आर्पानेटमध्ये संदेश पुढे धाडण्यासाठी ठिकठिकाणी ‘आयएमपी’ नामक लहान संगणक बसविलेले असत. प्रत्येक आयएमपी आपल्या जोडण्यांची स्थिती इतर सर्वांस कळवी. अशा वृत्तावर ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक असे. ६३ नंतर पुनश्च ०. दोन क्रमांकांतील अंतर ३२ पर्यंत असल्यास मोठा क्रमांक नवा, त्याहून अधिक असल्यास लहान क्रमांक नवा, असा संकेत होता. केवळ संवत्सराचे नाव असलेल्या जुन्या पत्राचा काळ ठरविताना संशोधकास जी अडचण येते, तीच ही होय.

त्या दिवशी ५० व्या आयएमपीची ४४, ४० व ८ या क्रमांकांची तीन वृत्ते एकाच वेळी जालात पसरली. द्विमान लेखनात हे क्रमांक १०११००, १०१००० व ००१००० असे होतात. प्रत्येक पाठ आधीच्या पाठातील एक ‘१’ गळून सिद्ध झाला आहे, हे पाठचिकित्सकाच्या तत्काळ ध्यानात येईल. येथील प्रमादी लेखनिक म्हणजे सदोष यंत्रसामग्री. संकेतानुसार ४० हून ४४ नवे, ८ हून ४० नवे, आणि ४४ हून ८ नवे! कोणतेच वृत्त जुने ठरेना. प्रत्येक यंत्र आलेले वृत्त नवे समजून शेजाऱ्यांस देई, आणि या उठाठेवीतच त्याची शक्ती खर्ची पडे.

एखादे यंत्र पुन्हा सुरू केल्यास त्याची स्मृती स्वच्छ होई खरी. परंतु शेजारी तीच वृत्ते पुन्हा त्याच्या पदरात टाकी. दोष आता कोणा एका यंत्रात उरला नव्हता, तो त्यांच्या परस्परव्यवहारात मुरला होता. अखेर बोल्ट, बेरॅनेक अँड न्यूमन या संस्थेतील तंत्रज्ञांनी आज्ञावलीतच दुरुस्ती केली : ५० व्या आयएमपीचे कोणतेही वृत्त ग्राह्य धरू नये. ही दुरुस्ती यंत्रायंत्रांत पोहोचली, तेव्हा जाल पूर्ववत झाले.

१९८१ मध्ये एरिक रोझेन यांनी या प्रकरणाची चिकित्सा प्रसिद्ध केली. पुढे ओएसपीएफ या मार्गनिर्णयपद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत चक्राकार क्रमांक टाकून सरळ चढता क्रमांक स्वीकारण्यात आला. तो संपलाच, तर जुने वृत्त आधी सर्वत्र पुसून मगच नव्याने आरंभ करावयाचा असतो.