बिऱ्हाडकरूचें भाडें आणि गहाणाची फेड

जुन्या घराण्याच्या रुमालांत एखादें गहाणखत सांपडलें म्हणजे संग्राहक तें जपून ठेवतात. परंतु त्याच रुमालांतील भाडेचिठ्ठ्या व वसुलाच्या याद्या क्षुल्लक समजून बाजूस टाकल्या जातात. ही मोठी चूक होय. गहाण पडलेल्या घरांत बिऱ्हाड ठेवून त्याच्या भाड्यांतून कर्ज फेडण्याचा व्यवहार एकट्या गहाणखतावरून उलगडत नाहीं. घर सुटलें कीं बुडालें, याचा पुरावा पुष्कळदां या क्षुल्लक कागदांतच असतो.

या व्यवहाराचे तीन प्रकार संभवतात. नजरगहाणांत ताबा मालकाकडेच राहतो. तो माजघरांत राहून माडी भाड्यानें देतो व येणारें भाडें सावकाराकडे भरतो. ताबेगहाणांत सावकार स्वतःच बिऱ्हाडकरू ठेवून भाडें घेतो. तिसरा प्रकार मनास चटका लावणारा आहे. त्यांत मालक ताबेगहाण लिहून देतो, आणि लागलीच सावकारास भाडेचिठ्ठी लिहून देऊन आपल्याच वाड्यांत भाडेकरू म्हणून राहतो.

प्रकार कोणताही असो, खरा प्रश्न एकच: भाडें जमा कशांत होतें? उदाहरणार्थ, मुद्दल ५०० रुपये व व्याज दरमहा दरशेकडा १ रुपया धरूं. महिन्याचें व्याज ५ रुपये झालें. भाडें ८ रुपये येत असून व्याज वजा जातां उरलेली रक्कम मुद्दलांत जमा होत गेली, तर पहिल्या महिन्यांत ३ रुपये मुद्दल फिटतें, पुढें व्याज उतरत जातें, आणि सुमारें ८ वर्षे ३ महिन्यांत घर मोकळें होतें. परंतु भाडें केवळ व्याजापोटीं घ्यावें असा करार असेल, तर तेच ८ रुपये दरमहा सावकाराकडे जाऊनही पन्नास वर्षांनीं मुद्दल ५०० च्या ५०० उभें राहतें.

हा भेद आमच्या शास्त्रकारांस अवगत होता. याज्ञवल्क्यस्मृतींत ज्याचें फळ धनको भोगतो असा आधि नष्ट होत नाहीं, असें सांगितलें आहे. ऋण दुप्पट झाल्यावर दिलेल्या आधीच्या उत्पन्नांतून दुप्पट धन वसूल झालें कीं तो सोडावा, असाही नियम तेथेंच आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें या दुसऱ्या आधीस लोक ‘क्षयाधि’ म्हणतात, असें नोंदविलें आहे. ज्याच्या भोगानें ऋणाचा क्षय होतो तो क्षयाधि. नांवच पुरेसें बोलकें आहे.

मिळकत हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालीं झाला व मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ७६ व्या कलमान्वयें ताबेदार सावकारानें उत्पन्नाचा हिशेब ठेवून तें आधीं व्याजांत व उरेल तें मुद्दलांत वळतें करावयाचें असतें. मात्र उत्पन्न व्याजाबद्दल घ्यावें असा करार असल्यास ७७ वें कलम त्यास मोकळीक देतें. ६२ व्या कलमाप्रमाणें करारान्वयें उत्पन्नांतूनच सारी रक्कम फिटली कीं मालकास ताबा परत मागतां येतो. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, अशा भोगगहाणांत केवळ गहाणाच्या तारखेपासून ३० वर्षे लोटल्यानें सोडवणुकीचा हक्क बुडत नाहीं, असा निर्णय दिला. याज्ञवल्क्याच्या नियमाशीं याचें साम्य लक्षांत येण्यासारखें आहे.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, गहाणखत हातीं येतांच त्याची पाठ पाहावी. वसुलाचे शेरे पुष्कळदां तेथेंच असतात. भाडेचिठ्ठीवरील तारीख गहाणखताच्या तारखेशीं ताडून पाहावी, आणि चिठ्ठी लिहून देणारा परका आहे कीं घराचाच मालक, हें तपासावें. रुमालाची बांधणी मोडूं नये. भाड्याच्या चार ओळी वेगळ्या पडल्या, तर एका कुटुंबानें आपलें घर कसें राखलें, अथवा कसें गमावलें, हें पुन्हा कळावयाचें नाहीं.