लोकमत आणि इतिहासाचे सत्य

लोकमत कालपरत्वे पालटते. घडून गेलेली गोष्ट पालटत नाही. तथापि पालटलेले लोकमत गतकाळावर आपला रंग चढविते आणि पुढील पिढी त्या रंगासच इतिहास समजते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत याचे उत्तम उदाहरण सापडते.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी २०११ साली शेकडा ९४ अमेरिकनांनी अनुकूल मत दिले. ही पाहणी गॅलप या संस्थेची. यावरून कोणासही वाटेल की, मूठभर दुष्टांवाचून सारा देश प्रथमपासून त्यांच्या पाठीशी होता. परंतु त्याच संस्थेची जुनी दप्तरे निराळी साक्ष देतात. १९६१ साली गोरे व काळे स्वयंसेवक दक्षिणेत बसगाड्यांतून एकत्र प्रवास करू लागले, तेव्हा ती वार्ता ऐकलेल्यांपैकी शेकडा ६१ जणांनी नापसंती दर्शविली. १९६६ साली खुद्द किंग यांच्याविषयी शेकडा ६३ लोकांचे मत प्रतिकूल होते.

मग बहुमत अन्यायाच्याच बाजूचे होते काय? तसे म्हणणेही सत्यास सोडून होईल. १९६४ च्या मे महिन्यात शेकडा ७४ लोकांस सामुदायिक निदर्शने समतेच्या कार्यास बाधक वाटत होती. तरी त्याच वर्षी जुलैत झालेला नागरी हक्कांचा कायदा ऑक्टोबरात शेकडा ५८ जणांस मान्य होता. फळ हवे, पण झाड हलविणारा नको, अशी ही वृत्ती होती.

रोझा पार्क्स यांचीही कथा अशीच सोपी करण्यात आली आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात बसमधील जागा सोडण्यास त्यांनी नकार दिला. लोककथेत त्या थकलेल्या वृद्धा होतात. वास्तविक त्यांचे वय ४२ होते व हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेत त्या कित्येक वर्षे कार्य करीत होत्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीनेही असाच नकार दिला होता. तिचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. पुढे तेथील बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. तो काही एका थकव्याचा परिणाम नव्हे. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती.

या चुकांकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. सर्वजण अनुकूल होते असे मानल्यास, प्रतिकूल लोकमतास तोंड देऊन जे उभे राहिले त्यांच्या धैर्याचे मोल उरत नाही. शिवाय आजच्या आंदोलकांस नावे ठेवताना किंग यांचाच दाखला देण्यास आपण मोकळे होतो. दिवंगत सुधारकाच्या प्रतिमेस हार घालणे सोपे आहे. तो हयात असता आपण कोणत्या शेकड्यात असतो, हा प्रश्न तरुण वाचकांनी स्वतःस अवश्य विचारावा.