माढा तालुक्यातील वसंतफुले

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात पश्चिमेला भीमा आणि पूर्वेला सीना, मध्ये पर्जन्यछायेतला माळ. माढ्याचा वसंत कोरडा असतो आणि तो फुलतो झाडाझुडपांवर. गवत वाळून पिवळे पडलेले असते, बारीकसारीक वनस्पती जमिनीत बीजरूपाने थांबलेल्या असतात. मुळे खोल गेलेल्यांनाच फाल्गुन-चैत्रात बहर परवडतो.

यांत पहिला मान पळसाचा (ब्यूटिया मोनोस्पर्मा). पाने झडल्यावर उघड्या फांद्यांवर केशरी फुले येतात. त्यांतला मध पिण्यासाठी साळुंक्या, सूर्यपक्षी गोळा होतात आणि परागीभवन घडवतात. फुले उकळून होळी-रंगपंचमीचा रंग करण्याची चाल जुनी आहे. ओढ्याकाठी करंजाला पांढरट-जांभळे घोस लागतात. कडुनिंबाचा बारीक, सुगंधी मोहोर गुढीपाडव्याला गुळाबरोबर खातात. बहावा उशिरा, उन्हाच्या ऐन तडाख्यात पिवळा होतो. पर्णहीन, काटेरी नेपतीची विटकरी फुले मात्र जवळ जाऊन पाहावीत. इतक्या रुक्ष झुडपावर एवढे देखणे फूल क्वचितच दिसते.

पिवळ्या फुलांचा तरवड ही या माळाची खरी ओळख. त्याचा मोठा बहर मात्र वसंतातला नव्हे, पावसाळ्यानंतरचा. नवरात्रात त्याच्या फुलांच्या माळा घटावर चढतात. सालीचा उपयोग कातडी कमावण्यासाठी होत आला आहे.

१९७९ साली घोषित झालेल्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात या तालुक्याचाही भाग होता. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे त्यातून अधोरेखित झाले.